आठवड्यातले बावीस तास

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा आठवडा नेमका कशात जातो, आणि त्यातून पोराच्या पदरात काय पडतं? जळगाव-धुळ्याकडच्या दोघांचा हा वाद. एक हिशेबी : उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या काटापट्ट्या लिहिण्यात गेलेला आणि एके काळी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर बसलेला. दुसरी हौशी : सातपुड्याच्या पायथ्याशी दोनशिक्षकी शाळेत शिकवणारी. तो तिला मॅडम म्हणतो, ती त्याला नाना. शाळा टिकावी असं दोघांनाही वाटतं. भांडण आहे ते आठवड्याच्या वाटणीवरून.

हिशेबी : मॅडम, मी बेरीज-वजाबाकीतला माणूस. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीला वर्षात निदान २०० दिवस शाळा भरावी आणि ८०० तास शिकवणं व्हावं. म्हणजे दिवसाला चार तास. शनिवार सकाळचा, तो अर्धा धरा. आठवड्याचे झाले बावीस तास. आता हे बावीस तास जातात कुठं ते बघू. रोजचा परिपाठ : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, पाढे. वेळापत्रकात तो थोडक्यात उरकतो, मैदानात लांबतो. मग हजेरी, आधी कागदावर आणि मग मोबाइलवर. तांदूळ मोजून द्यायचा, खिचडी शिजली की पंगत बसवायची, हात धुवायला रांग लावायची. दुपारी शाळांच्या केंद्रातून निरोप येतो की अमुक माहिती आजच्या आज भरा. आणि शनिवारी दप्तरच नाही. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला. आनंदाला माझी ना नाही. पण त्यासाठी आठवड्यातला एक दिवस वेगळा काढावा लागतो, तर बाकीच्या पाच दिवसांत काय चालतं, असं मला विचारावंसं वाटतं. आणि खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. या बावीस तासांतले किती तास पोर पुस्तकात मान घालून बसलं होतं?

हौशी : पुस्तकात मान घातली म्हणजे शिकणं झालं, हे तुम्ही धरून चालता, नाना, तिथंच आपलं बिनसतं. परिपाठाचंच घ्या. पाड्यावरची दुसरीतली मुलगी घरी पावरी बोलते. साऱ्या शाळेपुढं उभं राहून ती दिनविशेष वाचते, तेव्हा चार लोकांत प्रमाण मराठीतलं वाक्य बोलण्याची तिची आयुष्यातली ती पहिली वेळ असू शकते. हे भाषेच्या तासात मोजायचं की नाही? तुम्ही मोजत नाही, मी मोजते.

आणि खिचडीला तुम्ही वेळेच्या खर्चात टाकलंत. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, तेव्हापासून सरकारी शाळेत शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क झाला. आता योजनेचं नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं तिचं माप. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घड कापायला माणसं भल्या पहाटे घर सोडतात. त्यांची पोरं शाळेत येतात ती बहुतेक चहा-बटरवर. दुपारचं ताट हा त्यांचा दिवसातला पहिला भरपेट घास असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. केळीच्या मुलखात केळ्याचं अप्रूप नाही, अंड्याचं मात्र होतं. त्या दिवसाची वाट मुलं आदल्या दिवसापासून बघायची. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचा निधी थांबवला आणि ते लोकवर्गणीवर सोडलं. त्या एका दिवशी वर्ग भरलेला असायचा, याचा हिशेब तुमच्या बावीस तासांत कुठं लिहाल?

हिशेबी : खिचडीवर मी बोट ठेवलेलं नाही. तिचे तास शिकवण्याच्या तासांत धरू नका, एवढंच म्हणतो. जिनिंगमध्ये शेतकरी कापूस आणतो तो सरकीसकट. शंभर किलो कापसातून रुई निघते चौतीस-पस्तीस किलो. काट्यावर शंभर दिसले म्हणून शंभर किलो रुईचा भाव कुणी देत नाही. शाळेचा आठवडा तुम्ही सरकीसकट तोलता, आणि मी विचारतो की रुई किती निघाली.

तो आकडाही सांगतो. ‘असर’ची पाहणी गावोगाव घरी जाऊन होते. मुलाच्या हातात कागद देतात : अक्षरं, शब्द, एक छोटा परिच्छेद, आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. देशभरातल्या सरकारी शाळांतली तिसरीची मुलं घ्या. ती गोष्ट वाचता आली अशी २०१८ मध्ये शंभरात २०.९ होती. करोनात शाळा बंद पडल्या, २०२२ मध्ये १६.३ झाली. २०२४ मध्ये २३.४ वर आली. सुधारणा आहे, कबूल. पण चांगल्या वर्षीही चार मुलांतल्या एकालाही धड वाचता येत नाही. तिसरीत वाचता आलं नाही तर चौथीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक त्याला चित्रं बघण्यापुरतंच. एवढं दिसत असताना एक शनिवार आनंदाला, एक दिवस वृक्षदिंडीला, एक कसल्या तरी सप्ताहाला, ही उधळपट्टी परवडते कुणाला?

हौशी : सरकीचंही तेल निघतं, नाना, पेंड निघते, दुभत्या म्हशीला ती लागते. तुम्ही जिनिंगमध्ये होता म्हणून सांगते, तुमच्या मालकानं सरकी कधी उकिरड्यावर टाकली नाही.

तुमचा आकडा मात्र मी नाकारत नाही. तो तसा का निघतो ते बघू. आमच्या जिल्ह्यांत पहिलीत येणारं मूल घरून कोणती भाषा घेऊन येतं? तापीकाठच्या गावांत अहिराणी किंवा लेवा गणबोली, चोपडा-यावलच्या डोंगरात पावरी नाहीतर तडवींची बोली, साक्रीकडं भिलोरी, कोकणी, मावची, चाळीसगावच्या तांड्यांवर गोरमाटी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषेखाली नोंदलेले सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत, आणि जनगणना तिला मराठीपासून वेगळी मोजते. पाठ्यपुस्तक मात्र बालभारतीचं, साऱ्या राज्याला एकच. त्यात शिक्षकांची भरती राज्यभराच्या पवित्र पोर्टलवरून. लातूर-बीडकडचा एखादा तरुण गुणवत्तेवर लागतो आणि सातपुड्यात येऊन उभा राहतो. मुलं काय बोलतात ते त्याला कळत नाही, तो काय म्हणतो ते मुलांना कळत नाही. अशा वर्गात पहिले सहा महिने ओळखीतच जातात. आमच्याकडं ‘ळ’चा ‘य’ होतो. पोर ‘शाळा’ ऐकतं आणि ‘शाया’ लिहितं. नव्या गुरुजींना ती चूक वाटते, मला त्यात ठरलेला नियम दिसतो. तो नियम ओळखूनच शिकवायला हवं.

ही ओळख कधी होते? तुम्ही ज्याला उधळपट्टी म्हणता त्या शनिवारी. आजीला शाळेत बोलवायचं, तिनं अहिराणीत गोष्ट सांगायची, मुलांनी ती चित्रात काढायची. कायद्याच्या २९ व्या कलमातही म्हटलंय की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. आठवड्यात तिला जागा द्यायची कुठं, ते कायदा सांगत नाही. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण आपल्या बोलीत जे रचलं ते साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं.

हिशेबी : बहिणाबाईंचं नाव निघणार हे ठाऊक होतं. खानदेशात शिक्षणावर कुणी बोलायला उभं राहिलं की दहाव्या मिनिटाला ते निघतंच. पण पुढचा अर्धा भाग लोक सांगत नाहीत. त्या गेल्या १९५१ साली. त्यांचं काव्य हाती राहिलं ते मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी उतरवून ठेवलं म्हणून. आचार्य अत्र्यांनी पाहिलं ते लिहिलेलं, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. घरात लिहिणारं कुणी नसतं तर आसोद्याच्या शिवाराबाहेर एक ओळ गेली नसती. जात्यावर गाणाऱ्या किती जणींचं तसंच झालं असेल. बोलीचं मोल मला कुणी शिकवायला नको, मी घरी अहिराणीच बोलतो. पण बोली पोरं घेऊनच येतात. लिहिणं-वाचणं ती घेऊन येत नाहीत, आणि ते शाळेशिवाय दुसरं कुणी देत नाही. सुशिक्षिताच्या पोराचं शाळेत राहिलेलं वाचन घरी भरून निघतं. मजुराच्या पोराचे बावीस तास गेले की गेले.

हौशी : हे मला मान्य आहे. फक्त एक सांगते. सोपानदेवांनी उतरवलं ते आधी गायलेलं होतं. ज्या मुलाजवळ सांगण्यासारखं काही नाही त्याच्याकडून मी दहा ओळी लिहून घेते, तेव्हा तो फळ्यावरच्याच दहा ओळी उतरवतो. वही भरते. तुमच्या मापात तो तास भरला, माझ्या मापात वाया गेला.

साने गुरुजींचं बघा. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, १९३० पर्यंत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढं आठवणी सांगितल्या त्या वर्गापेक्षा वसतिगृहाच्या जास्त. मुलांच्या खोल्या झाडणं, आजारी पोराजवळ बसणं, हातानं लिहिलेलं छात्रालयाचं दैनिक. वेळापत्रकात यातलं काहीच नव्हतं.

हिशेबी : तुम्ही आता माझ्याच बाजूनं बोललात. ते दैनिक होतं, मॅडम. रोज लिहिलं जायचं आणि रोज वाचलं जायचं. गुरुजींचा जिव्हाळा सगळ्यांना आठवतो, त्यामागची रोजची शिस्त कुणी सांगत नाही. आपल्याकडं उलटं झालंय. वर्षातून एकदा भिंतीवर हस्तलिखित लागतं, फोटो निघतो, फोटो गटावर जातो, उपक्रम संपला. उपक्रमाला माझा विरोध नाही, एकदाच होण्याला आहे.

बालबाजार भरवता ना तुम्ही? पोरं घरून मेथी, लिंबं, शेंगा आणतात, पाटीवर भाव लिहितात, गावातल्या बाया घेतात. बातमी येते की मुलांनी व्यवहारज्ञान मिळवलं. या बाबतीत एक खरं संशोधन झालंय. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आलेलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी मुलं त्यांनी तपासली. गिऱ्हाईक आलं की तोंडी हिशेब चोख. तेच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडून दिलं की बहुतेकांची गाडी अडली. म्हणजे बाजारात बसलं की गणित आपोआप वहीत उतरतं, हे खरं नाही.

हौशी : त्याच संशोधनाचं दुसरं पान तुम्ही उलटलं नाहीत. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांनाही त्यांनी तपासलं. कागदावरची उदाहरणं ती बरी सोडवत होती, पण बाजारातला साधा हिशेब तोंडी करताना मागं पडली, साध्या भागाकारालाही कागदावर रेघोट्या ओढत बसली. बाजारातलं गणित वहीत येत नाही आणि वहीतलं बाजारात जात नाही, दोन्ही खरं आहे. त्यांचा निष्कर्ष असा की या दोहोंना जोडण्याचं काम शाळेनं करायला हवं.

हिशेबी : मग जोडता का? शनिवारी बाजार झाला, सोमवारी त्याचं काय होतं?

हौशी : तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सोमवारी शनिवारचा भाव फळ्यावर मांडायला हवा. ‘पाव किलो मेथी बारा रुपये, तर तीन पाव कितीला’ हे त्याच पोरानं लिहून दाखवायला हवं. असं झालं तर शनिवारचा आनंद सोमवारी कामाला येतो. पण सोमवारी काय असतं? कधी माझे सहशिक्षक प्रशिक्षणाला, कधी मी.

कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो. वर्ग चार. म्हणजे एकेकाकडं दोन-दोन वर्ग. मी पहिलीला वाचन घेते तेव्हा दुसरी स्वतःच्या स्वतः काही करत असते. तुमचे बावीस तास आमच्याकडं मुळातच अर्धे होतात, प्रत्येक वर्गाच्या वाट्याला अकरा. दोघांतलं एक बाहेर गेलं की चार वर्ग एका माणसाकडं, साडेपाच तासांच्या मापानं. आता सांगा, उपक्रम मी हौसेनं घेते की गरजेनं? बिया मोजणं, चित्र काढणं, शब्दपट्ट्या लावणं हे दुसऱ्या वर्गाला गुंतवल्याशिवाय पहिल्या वर्गातल्या एकेका पोराजवळ बसून त्याचं वाचन ऐकणं मला जमतच नाही.

हिशेबी : हे असं कुणी समितीच्या सभेत मांडलं नाही कधी. सभेत विषय असायचे रंगरंगोटी, संरक्षक भिंत, वीजबिल.

हौशी : मांडलं असतं तर लिहून घेतलं असतंत का?

हिशेबी : नसतं घेतलं. भिंतीला निधी असतो, तासाला नसतो. पण मग माझा राग तुमच्या शनिवारवरून दुसरीकडं वळतो. कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची यादीसुद्धा काढली. तरी निरोप थांबले का?

हौशी : यादीची गंमत अशी की माहिती भरणं हे शैक्षणिक कामात बसवता येतं. विद्यार्थ्यांचा आधार, युडायस, पोषण आहाराची रोजची नोंद, कार्यक्रमांचे फोटो, सगळं शाळेचंच काम. प्रत्येक काम वेगळं पाहिलं तर पाच-दहा मिनिटांचं आणि रास्त. सगळी मिळून माझा सोमवार खातात.

हिशेबी : मग यंत्रांनी तरी वेळ वाचवायला हवा होता. आमच्या धुळे जिल्ह्यानं केवढं नाव काढलं होतं. २०१७ च्या सुमाराला जिल्हा परिषदेच्या अकराशेवर शाळा डिजिटल झाल्या. न्यूयॉर्कमध्ये बँकिंगमध्ये असलेले धुळ्याचे हर्षल विभांडिक गावोगाव फिरले, गावानं वर्गणी काढायची आणि उरलेली भर ते घालणार, अशी रीत. मजुरी करणाऱ्यांनीही पैसे दिले. लोकांचं मन मोठं, त्यावर माझी शंका नाही. पण पडदे लागल्यावर किती पोरं वाचायला लागली, हे वर्गणीच्या पावतीइतकं चोख कुणी लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

हौशी : पडद्यानं वाचन येत नाही, हे तुमचं बरोबर. पण त्या मोहिमेत जी माणसं पंधरा ऑगस्ट सोडून शाळेच्या आवारात पाऊल टाकत नव्हती ती आली. शाळा आपली आहे असं गावाला वाटणं याला तुमच्या वहीत रकाना नसेल. पुढं पट टिकवायचा तर तेच कामाला येतं.

हिशेबी : पटाचं काढलंत तर ऐका, कारण माझा सगळ्यात कडू मुद्दा तोच आहे. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं २०२३ मध्ये पुढं आलं. मुलं सुमारे एक लाख ८५ हजार. म्हणजे शाळेमागं बारा-तेरा मुलं. सरकारनं समूह शाळांचा विचार मांडला : आसपासच्या लहान शाळा एकत्र करायच्या, मुलांना गाडीनं आणायचं. नमुना म्हणून आपल्याच शेजारचं, नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं. लोकांनी ओरड केली. पण तुमचंच गणित पुढं नेतो. चार लहान शाळांचे आठ शिक्षक एकत्र आले तर वर्गाला एक शिक्षक मिळतो, वरून माहिती भरायला माणूस उरतो. पोराला अकराचे पुरते बावीस तास मिळतात. शाळा गावात असण्याच्या अभिमानापायी आपण पोराचा अर्धा आठवडा गमावतोय का?

हौशी : गणित बरोबर आहे. त्यात डोंगर धरलेला नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं नियम सांगतो, आणि तो उगाच झालेला नाही. पावसाळ्यात नाला भरला की गाडी येत नाही. सहा वर्षांची पोर गाडीत बसवून दुसऱ्या गावी पाठवायला आई तयार नसते. मुलगा जाईल कदाचित, मुलगी घरी धाकट्याला सांभाळेल. बावीस तास मिळतील ते शाळेत पोचणाऱ्याला.

आणि आठवडा फक्त शाळेचा नसतो, घरालाही आठवडा असतो. गावच्या बाजाराच्या दिवशी पट गळतो. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की रविवारी रोट आणि सोमवारी विसर्जन, त्या सोमवारी वर्गात कोण असतं? होळीच्या आधी डोंगरात भोंगऱ्याचे बाजार भरतात, आठवडाभर पाडे रिकामे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. आणि साक्री-नंदुरबारकडून कोयता घेऊन गुजरातला जाणारी कुटुंबं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्येच बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या खानदेशी मजुरांवर लेख लिहिला. आज त्या मजुरांची नातवंडं माझ्या हजेरीपटावर आहेत. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आजीजवळ मागं राहिलेल्या पोराला तिथं जेवण मिळतं. पण जे आईबरोबर गेलं ते चार-पाच महिन्यांनी परत येतं तेव्हा अक्षरं विसरलेलं असतं. अशा पोराला शाळेत परत काय आणतं? भागाकार आणत नाही. खिचडी, सवंगडी आणि शनिवार आणतो.

हिशेबी : आणतो, मान्य. आणि आल्यावर? शाळेची गोडी लागून सातवीपर्यंत आलेला आणि तरी परिच्छेद न वाचता येणारा मुलगा मी पाहिलाय. त्याला शाळा आवडायची. जिनिंगमध्ये कामाला आला तेव्हा काटापट्टी वाचता येत नव्हती. त्याला रोजच्या रोज वजन कमी सांगितलं जायचं, आणि तो ऐकून घ्यायचा.

हौशी : त्याला मी उत्तर देऊ शकत नाही.

हिशेबी : मग एक तोडगा सांगतो. शनिवार ठेवा, बाजार ठेवा, परिपाठ ठेवा. बदल्यात एक गोष्ट द्या. आठवड्यातून एकदा प्रत्येक पोराला एकट्याला जवळ बसवून एक मिनिट वाचायला लावायचं आणि कुठं अडलं ते लिहायचं. तीस पोरं असली तर अर्धा तास, उठबस धरून एक तास. बावीसातला एक. तो कागद दर महिन्याला समितीपुढं ठेवायचा.

हौशी : वाचन ऐकायला मी आजपासून तयार आहे, खरं तर ऐकतेच. लिहायलाही तयार आहे. पण तो कागद वर्गाबाहेर गेला की काय होईल ते सांगते. पहिल्या महिन्यात तो समितीपुढं येईल. दुसऱ्या महिन्यात केंद्रात मागतील. तिसऱ्या महिन्यात त्याची लिंक येईल आणि चौथ्या महिन्यात कोणत्या शाळेची किती टक्के मुलं वाचतात याची उतरंड लागेल. मग कुणी मूल अडलं असं लिहिणारच नाही. चाचण्या आज कमी नाहीत. पायाभूत आहे, संकलित एक आहे, संकलित दोन आहे. २०२५ मध्ये तर राज्यभर एकच वेळापत्रक लावून वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिलला ठेवल्या होत्या. जळगावचा एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. त्या सगळ्या चाचण्यांतून मला माझ्या वर्गाबद्दल न कळलेलं असं काही कळलं नाही. मला जे कळतं ते माझ्याजवळ राहिलं तर ते खरं राहतं.

हिशेबी : आणि तुमच्याजवळच राहिलं तर तुमची बदली झाल्यावर कुठं जातं? तुम्ही ऐकता म्हणून ठीक. शेजारच्या गावातले ऐकत नसतील तर तिथल्या बापाला कसं कळावं? खरा कागद बाहेर येत नाही आणि बाहेर आलेला खरा राहत नाही, असं तुम्ही म्हणता. मग अडाणी बापानं भरवसा कशावर ठेवायचा?

हौशी : त्यानं स्वतः येऊन ऐकावं. त्याला वाचता येत नसलं तरी पोर अडखळतंय की सरळ वाचतंय हे त्याला कळतं. कागद त्याला नको, पोराजवळ बसायला मिळायला हवं.

हिशेबी : मजुरी बुडवून?

हौशी : शनिवारी. सकाळची शाळा असते, दप्तर नसतं, तासाभराचं काम.

हिशेबी : शनिवारीही मजुरी असते, मॅडम. केळीचा ट्रक शनिवार बघत नाही.

दोघांचा वाद इथं येऊन थांबतो, मिटत नाही. शनिवार असावा की नसावा, हा प्रश्न आता त्यांच्यात उरलेला नाही. मूल वाचतं की नाही हे कुणी ऐकायचं, त्याची नोंद कुणाच्या हाती राहावी, आणि दोन शिक्षकांच्या शाळेत ऐकायला लागणारा तास कोणत्या कामातून काढायचा, हे उरलेले प्रश्न. यांतल्या शेवटच्याला कायद्यात दार आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे त्या समितीचं काम आहे. तेव्हा ज्यांचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे त्यांनी पुढच्या मासिक सभेला एक विषय लेखी द्यावा : गेल्या महिन्यात शिक्षक वर्गाबाहेरच्या कामात किती तास होते, आणि ती कामं कुणी सांगितली होती. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावं.